नसण्याचा पुरावा

क्षयाच्या जंतूच्या जनुकांची यादी उघडली की चौथ्या ओळीशी नजर अडते. पहिल्या ओळीत डीएनए-ए: पेशीच्या डीएनएची नक्कल जिथून सुरू होते, त्या जागेवर सर्वांत आधी येऊन बसणारं प्रथिन. दुसऱ्या ओळीत डीएनए-एन: नक्कल करणारी यंत्रणा धाग्यावरून निसटू नये म्हणून तिला धरून ठेवणारं कडं. तिसरीत रेक-एफ, डीएनएच्या दुरुस्तीतलं. पाचवी-सहावी ओळ जायर-बी आणि जायर-ए यांची. ही दोघं मिळून जायरेज हे एन्झाइम बनतं आणि डीएनएला पडणारा पीळ सोडवतं. या नावाजलेल्या मंडळींच्या मधोमध चौथी ओळ: आरव्ही-०००४, लांबी १८७ अमिनो आम्लं, आणि कार्याच्या रकान्यात 'हायपोथेटिकल प्रोटीन'. म्हणजे प्रथिन असणार, पण करतं काय ते ठाऊक नाही. १९९८ साली स्टुअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी एच३७आरव्ही या वाणाचा ४४ लाख अक्षरांचा जीनोम, म्हणजे डीएनएची अख्खी संहिता, प्रसिद्ध केला, तेव्हापासून २०१६पर्यंत त्या ओळीचं कोडं सुटलं नव्हतं.

ही ओळ मला फार खटकत आली आहे. यादीत कुठेतरी तीन हजाराव्या जागी असती तर एवढं वाटलं नसतं. इतक्या मोक्याच्या ठिकाणी, इतक्या ओळखीच्या शेजारात बसलेल्या प्रथिनाचं काम १८ वर्षं कुणाला नेमकं सांगता येऊ नये? तुलनात्मक जीनोमशास्त्राचा दावाच असा की प्रथिन कुणाच्या संगतीत वावरतं यावरून त्याचं काम ओळखता येतं. मग संगत डोळ्यांसमोर असताना ती पुरी का पडली नाही? या प्रश्नाच्या मागे लागलं की हळूहळू उमगतं, की या शास्त्रात जे आहे त्याच्याइतकंच, किंबहुना कांकणभर जास्तच, जे नाही ते बोलतं. फक्त ते नसणं खरं असावं लागतं.

हा जंतू मुंबईला परका नाही. हार्बर लाइनवर शिवडी आणि वडाळा रोड ही लागोपाठची स्थानकं. शिवडीला महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय, वडाळ्याला १८९० साली सुरू झालेलं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. एका स्थानकाच्या अंतरावर असलेल्या या दोन आवारांतले रोग दिसायला किती वेगळे! एक फुप्फुसात घर करतो, खोकल्यातून हवेत पसरतो, दहा बाय दहाच्या खोलीत बंद खिडकीआड एकाचा दुसऱ्याला लागतो. दुसरा वर्षानुवर्षं कातडीत आणि मज्जातंतूंत दबून राहतो, बोटांची संवेदना नेतो. पण दोन्ही जंतू एकाच मायकोबॅक्टेरियम कुळातले. कुष्ठरोगाच्या जंतूचा जीनोम २००१ साली आला. त्या वाणाचं नाव टीएन, कारण तो मूळचा तामिळनाडूतल्या रुग्णाकडून आलेला. ३२ लाख ६८ हजार अक्षरं, पण शाबूत प्रथिन-जनुकं जेमतेम १,६०४ आणि मोडून निकामी झालेली १,११६. क्षयाच्या जंतूत चार हजारांच्या आसपास जनुकं, आणि त्याच्या या नातेवाइकानं निम्म्याहून जास्त गमावलेली. त्यात कॅट-जीसुद्धा गेलं. क्षयावरचं औषध आयसोनियाझिड पोटात जातं ते निष्क्रिय रूपात, जंतूचंच कॅट-जी त्याला चालू करतं. म्हणून शिवडीच्या रुग्णाला वर्षानुवर्षं दिली जाणारी ती गोळी वडाळ्याच्या रुग्णाच्या कामाची नाही. एक नसलेलं जनुक, आणि उपचाराची अख्खी दिशा वेगळी.

आणि आरव्ही-०००४चा कुष्ठरोगाच्या जंतूतला जोडीदार? तो शाबूत आहे. त्याच जागी, त्याच शेजाऱ्यांत. ज्यानं हजारावर जनुकं सोडून दिली, त्यानं हे १८७ अमिनो आम्लांचं प्रथिन सोडलेलं नाही.

प्रथिनाचं काम ओळखायची जुनी रीत साम्यावर चालते. अनोळखी प्रथिनाची अक्षरमाला घ्यायची, ब्लास्ट या माला जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकायची, ज्याचं काम प्रयोगशाळेत सिद्ध झालंय अशा एखाद्याशी ती जुळली तर तेच काम याचंही धरायचं. पण ज्याच्यासारखं ओळखीचं कुणीच नाही त्याचं काय? १९९८च्या त्या यादीत नेमकं किंवा संभाव्य कार्य लावता आलं होतं ते सुमारे ४० टक्के जनुकांनाच. १९९५ साली हिमोफिलस इन्फ्लुएन्झाचा पहिला पूर्ण जिवाणू-जीनोम हाती आला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत डझनावारी जीनोम जमले, तेव्हा काही जणांनी प्रश्नच बदलला. हे प्रथिन कुणासारखं दिसतं, याऐवजी हे कुणाबरोबर असतं? १९९८-९९ या दोन वर्षांत या प्रश्नाची तीन उत्तरं आली: शेजार, जुळणी आणि हजेरी. तिघांचीही पारख वेगळी आणि चकवायची तऱ्हाही वेगळी.

शेजार सर्वांत सोपा. जिवाणूंत एका कामाची जनुकं बहुधा डीएनएवर रांगेनं, एकाच दिशेनं, एकाच स्विचखाली बसतात, म्हणजे ऑपेरॉनमध्ये. रॉस ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली जी कसोटी लावली ती आजही कामाला येते: एकाच धाग्यावरची जनुकं, दोघांमधलं अंतर ३०० अक्षरांपेक्षा जास्त नको, आणि ही रांग दूरच्या नात्यातल्या जीनोममध्येही टिकलेली हवी. या तिसऱ्या अटीतच सगळा जीव आहे. सकाळच्या लोकलमध्ये एका बाकावर बसलेली चार माणसं एकमेकांची असतीलच असं नाही. पण वेळापत्रक बदललं, गाडी रद्द झाली, फलाट बदलला, आणि तरी तीच चौघं दुसऱ्या गाडीच्या डब्यात एकत्र दिसली, तर त्यांचं काहीतरी नातं आहे हे नक्की. जीनोमचंही तसंच. उत्क्रांतीत जनुकांची जागा सतत पालटत असते. क्षयाचा जंतू आणि गाईला क्षय देणारा त्याचा भाऊबंद यांच्यात शेजार सारखा आहे याला काडीची किंमत नाही, कारण पालटायला वेळच मिळालेला नाही. तोच शेजार मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या दूरच्या नातेवाइकात दिसला, की कान टवकारायचे.

आरव्ही-०००४ या कसोटीला उतरतं. रेक-एफच्या शेवटाशी त्याची चार अक्षरं सामाईक आहेत: एक जनुक संपायच्या आधीच दुसरं सुरू. ऑपेरॉनमध्ये अशी चार अक्षरांची घडी वारंवार दिसते आणि ती सोबत काम करण्याची चांगली खूण मानली जाते. स्ट्रेप्टोमायसिसमध्येही ते रेक-एफ आणि जायर-बीच्या मधेच आहे. पण इथेच शेजाराची मर्यादा कळते. तो सांगतो की हे प्रथिन डीएनएची नक्कल किंवा दुरुस्ती यातलं असावं. या दोन शब्दांत पन्नासेक प्रथिनांची कामं मावतात. ते रेक-एफच्या बाजूचं की जायरेजच्या? सुरुवातीचं की शेवटचं? शेजारावरून मोहल्ला कळला, घर नाही.

दुसरी पद्धत जुळणीची, आणि तिची नमुनेदार गोष्ट याच रांगेत, पाचव्या-सहाव्या ओळीत आहे. क्षयाच्या जंतूत जायर-बी आणि जायर-ए यांच्यात जेमतेम ३४ अक्षरांचं अंतर. आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूत हीच दोन जनुकं एकमेकांपासून सुमारे १५ लाख अक्षरं लांब. तिथला शेजार पाहून त्यांची जोडी कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि यीस्टमध्ये? तिथे टोपोआयसोमरेज-२ हे एकच लांबलचक प्रथिन आहे, ज्याचा पुढचा भाग जायर-बीशी जुळतो आणि त्याच्या मागचा जायर-एशी. एका जिवात जे सलग आहे, ते दुसऱ्यात सुटं असलं तरी तिथेही एकत्र काम करत असणार, हा तर्क एडवर्ड मार्कोट, डेव्हिड आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडला आणि ई. कोलायमध्ये अशा ६,८०९ जोड्या शोधून दाखवल्या. त्याच वर्षी अँटन एनराइट, क्रिस्टोस औझूनिस आणि मंडळींनी स्वतंत्रपणे हीच कल्पना अधिक कडक निकषांनी वापरली. जायरेजची जोडी मुंबईच्या रुग्णाला थेट जाऊन भिडते. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन ही क्षयावरची औषधं डीएनएवर बसलेल्या याच जायरेजला जखडतात, आणि जायर-एच्या ९०व्या किंवा ९४व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललं की औषध बोथट होतं.

जुळणीची आणखी दोन उदाहरणं मला फार आवडतात, कारण ती क्षयाच्या जंतूच्याच पोटात आहेत. बेडाक्विलिन हे प्रतिरोधी क्षयावरचं औषध जंतूच्या एटीपी सिंथेजला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या यंत्राला, अडवतं. या यंत्राच्या बी आणि डेल्टा या भागांची प्रथिनं बहुतेक जिवाणूंत वेगवेगळी. मायकोबॅक्टेरियामध्ये मात्र आरव्ही-१३०७ या एकाच प्रथिनात बीचा एक अवतार आणि डेल्टा सलग जोडलेले. दुसरं उदाहरण जंतूच्या विषारी प्रथिनांना बाहेर काढणाऱ्या ईएसएक्स यंत्रणांचं. क्षयाच्या जंतूत अशा पाच आहेत. ईएसएक्स-१ मध्ये इंजिनाचे दोन तुकडे, आरव्ही-३८७० आणि आरव्ही-३८७१. ईएसएक्स-३ मध्ये तेच इंजिन अखंड. दुसऱ्या जीनोमकडे बघायचीही गरज नाही.

पण या पद्धतीत खोट फार लवकर शिरते. काही डोमेन, म्हणजे प्रथिनाचे स्वतंत्र घडी होणारे भाग, इतके मनमिळाऊ असतात की कुणालाही चिकटतात: डीएनएला धरणारे छोटे डोमेन, हिस्टिडीन कायनेज, एटीपी वापरणाऱ्या कॅसेट. त्यांना आधीच चाळून काढलं नाही तर निम्मा जंतू उरलेल्या निम्म्याचा सोयरा निघतो. मी सरळ नियम धरतो: जे डोमेन दहाहून जास्त निरनिराळ्या जोडीदारांबरोबर जुळलेलं सापडतं, त्याचा पुरावा बाद. दुसरी खोट अनुक्रमणाची. एक अक्षर चुकून गळलं की वाचनाची चौकट सरकते आणि एक जनुक दोन तुकड्यांत दिसतं. थांब्याची खूण चुकीची वाचली गेली की दोन जनुकांचं एक होतं. त्यामुळे जुळणी एकाच जीनोममध्ये दिसली तर ती धरायची नाही. किमान दोन, तेही वेगळ्या गटांनी वेगळ्या वेळी वाचलेले जीनोम हवेत.

तिसरी पद्धत हजेरीची. आणि इथे मला रमायला आवडतं.

कल्पना मॅटेओ पेलेग्रिनी, मार्कोट, आयझेनबर्ग यांची, साल पुन्हा १९९९. प्रत्येक प्रथिनासाठी एक ओळ काढायची आणि प्रत्येक जीनोमसाठी एक रकाना. प्रथिन त्या जीनोममध्ये असेल तर १, नसेल तर ०. दोन प्रथिनं एकाच कामाची असतील तर ती एकत्रच राखली जातील किंवा एकत्रच टाकली जातील, कारण अर्धी यंत्रणा बाळगून जंतूला काही मिळत नाही. तेव्हा दोघांच्या ओळी सारख्या दिसल्या पाहिजेत. त्यांनी १६ जीनोम घेतले होते. १६ रकान्यांत शून्य-एकाचे ६५,५३६ नमुने बसतात, आणि ई. कोलायची प्रथिनं ४,२९०. कागदावर ऐसपैस जागा. आज कुणीही हे साध्या लॅपटॉपवर करू शकतं. एच३७आरव्हीची चार हजार प्रथिनं घ्या, २०० जीनोम घ्या, डायमंड ही ब्लास्टची वेगवान बहीण लावा. एका रात्रीत काम आरामात उरकतं. अवघड आहे ते शून्य भरणं.

जीनोम निवडण्यापासूनच ती अडचण सुरू होते. सार्वजनिक भांडारात क्षयाच्या जंतूचे हजारो वाण आहेत. त्यातला एकच ठेवायचा. एका प्रजातीतून एक, जमलं तर एका गणातून एक. मग चेकएमसारख्या साधनानं प्रत्येक जीनोमची पूर्णता बघायची. प्रत्येक जीनोममध्ये एकदा तरी असायलाच हवीत अशी जनुकं त्यात किती सापडतात, यावरून ते साधन टक्केवारी काढतं. ९५च्या खालचा जीनोम मी घेत नाही, आणि ९० टक्के पूर्ण असलेल्याबद्दल कुणी 'चालेल' म्हटलं तर अस्वस्थ होतो. हिशेब साधा आहे. असे १०० जीनोम घेतले, तर जे प्रथिन खरं तर सर्वांत आहे, त्याच्याही ओळीत सरासरी दहा खोटी शून्यं पडतात. त्याहून वाईट म्हणजे ही शून्यं विखुरलेली नसतात. डीएनएचे तुकडे जोडताना जिथे जोड सुटतो तिथे शेजारची दोन-चार जनुकं एकदम गायब होतात. मग हजेरीचा तक्ता म्हणतो की ही दोघं एकत्र नाहीशी होतात, शेजाराचा पुरावा म्हणतो की ही दोघं शेजारी आहेत, आणि बघणाऱ्याला वाटतं दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले. प्रत्यक्षात दोघांच्या तोंडून एकच भोक बोलत असतं.

शून्याला इतरही वाटांनी खोटेपणा येतो. ऑर्थोलॉग, म्हणजे दोन जीवांतलं तेच जनुक, ओळखण्यासाठी बहुतेक जण उलटसुलट ब्लास्ट करतात: इकडचं तिकडच्याला सर्वांत जवळचं, आणि तिकडचंही इकडच्याला सर्वांत जवळचं. शिवाय दोघांच्या लांबीचा किमान ७० टक्के भाग जुळावा ही अट. अट शहाणपणाची आहे, पण कुष्ठरोगाच्या जंतूचं जायर-ए तिच्यावर आपटतं. त्या प्रथिनाच्या मधोमध ४२० अमिनो आम्लांचा इंटीन बसलेला आहे, जो नंतर स्वतःला कापून बाहेर पडतो. कच्च्या लांबीचा जेमतेम दोन-तृतीयांश भागच क्षयाच्या जायर-एशी जुळतो. तक्त्यात पडलं शून्य! ज्याच्याशिवाय जंतू एक दिवस जगू शकत नाही, त्याच्यापुढे शून्य. छोट्या प्रथिनांचंही तेच दुखणं. क्षयाचा जंतू बाहेर सोडतो ते ईसॅट-६ फक्त ९५ अमिनो आम्लांचं, त्याचा जोडीदार सीएफपी-१० शंभराचा. जनुकं शोधणारे प्रोग्रॅम अशा लहान जनुकांना कधी कधी सरळ वगळतात, आणि दूरच्या नात्यात इतक्या छोट्या मालेचं साम्य ब्लास्टच्या चाळणीतून निसटतं. म्हणून निर्णायक ठरणारं प्रत्येक शून्य हातानं तपासायचं. प्रथिनांच्या यादीत नाही म्हणून थांबायचं नाही. टीब्लास्टएन या ब्लास्टच्याच प्रकारानं कच्चा डीएनए वाचनाच्या सहाही चौकटींत शोधायचा, मग प्रथिन-कुटुंबाचं एचएमएम प्रोफाइल, म्हणजे कुटुंबातल्या मालांचा संख्याशास्त्रीय साचा, घेऊन एचएमएमरनं एकदा फिरायचं. आणि सापडलेलं जनुक मोडकं आहे का तेही बघायचं, कारण कुष्ठरोगाच्या जंतूसारख्या ठिकाणी मोडकं जनुक हे कामापुरतं शून्यच असतं.

खरं शून्य किती मोलाचं असतं ते बीसीजीत दिसतं. या शहरात जन्मलेल्या बाळांच्या डाव्या दंडावरचा तो लहानसा व्रण ज्या जंतूनं उमटवला, त्याच्यातून सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा आरडी-१ हा पट्टा गळालेला आहे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० दोन्ही त्याच पट्ट्यातली. म्हणूनच या दोघांवर आधारलेली रक्ततपासणी बीसीजी टोचलेल्या माणसालाही क्षयाचा संसर्ग आहे की नाही ते सांगू शकते. पण हजेरीच्या पद्धतीला बीसीजीचा उपयोग नाही: तिथे नऊ जनुकं एका घावात गेली, त्यावरून कोण कुणाचं ते ठरत नाही. घाव अनेक हवेत आणि निरनिराळ्या फांद्यांवर हवेत.

ही फांद्यांची गोष्ट नीट कळली नाही तर सगळं वाया जातं. समजा दोन जनुकं ४० जीनोममध्ये सोबत आहेत आणि ६०मध्ये दोन्हीही नाहीत. जुळणी शंभर टक्के! पण ती चाळीसही अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया या एकाच कुळातली असतील, तर त्या कुळाच्या पूर्वजाकडे दोन्ही आली एवढंच सिद्ध होतं. शंभर साक्षी दिसतात, घटना एकच. म्हणून जीनोम मोजायचे नाहीत, वंशवृक्षावरच्या घटना मोजायच्या: कोणत्या फांदीवर जनुक आलं, कोणत्या फांदीवर गेलं. वृक्षाला १०० फांद्या आहेत आणि दोन जनुकं प्रत्येकी पाच फांद्यांवर हरवली आहेत असं धरा. निव्वळ योगायोगानं त्या नेमक्या त्याच पाच फांद्या असण्याची शक्यता साडेसात कोटींत एक. दोनच फांद्यांवर हरवली असतील तर ४,९५०त एक, आणि तेही ऐकायला दुर्मीळच वाटतं. पण चार हजार प्रथिनांच्या जोड्या होतात जवळपास ८० लाख. सगळीच प्रथिनं दोन-दोन फांद्यांवर हरवली असती तर निव्वळ योगायोगानं सोळाशेच्या वर जोड्या तंतोतंत जुळल्या असत्या. पाच घटनांना मात्र अशी एकही जोडी निघणं कठीण.

तर मग चौथी ओळ. आरव्ही-०००४ची हजेरी कुणाशी जुळते हे बघून फारसं हाती लागत नव्हतं, कारण ते बहुसंख्य जिवाणू-कुळांत आहे; जवळजवळ सगळीकडे १ असलेली ओळ रायबोसोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या प्रथिनांसारखी मुकी असते. २०१६ साली ब्रेझेलेक आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रश्न विचारला. डीएनएची नक्कल सुरू करताना डीएनए-बी हे हेलिकेज, म्हणजे डीएनएचे दोन धागे उलगडणारं सहा भागांचं वलय, धाग्यावर चढवावं लागतं. ई. कोलायमध्ये ते काम डीएनए-सी करतं, बॅसिलस सबटिलिसमध्ये डीएनए-आय. पाठ्यपुस्तकात हीच दोन नावं. पण ही दोन्ही जनुकं मोजक्याच कुळांत आहेत. बाकीचे जिवाणू वलय कशानं चढवतात? त्यांनी शोधलं ते असं जनुक, जे डीएनए-सी किंवा डीएनए-आय नाही तिथे असतं आणि ते आले की जातं. वंशवृक्षावर असं निदान सात वेळा, स्वतंत्रपणे घडलेलं सापडलं: विषाणूंकडून आलेलं डीएनए-सी किंवा डीएनए-आय जंतूत स्थिरावलं आणि तेच एक जनुक गळालं. त्या जनुकाला त्यांनी डीसीआय-ए नाव दिलं आणि स्युडोमोनास एरुजिनोसामध्ये प्रयोग करून ते खरोखर हेलिकेजच्या कामात असल्याचं दाखवलं. आरव्ही-०००४ म्हणजे क्षयाच्या जंतूतलं डीसीआय-ए. २०१७ साली मायकोबॅक्टेरियावरच्या प्रयोगांतूनही ते नकलेच्या यंत्रणेचा अत्यावश्यक भाग असल्याचं समोर आलं.

म्हणजे दशकानुदशकं वर्गात शिकवली गेलेली ई. कोलायची व्यवस्था हाच अपवाद होता. ज्या जंतूवर जिवाणूशास्त्राचा पाया रचला, नेमकं त्याच्यातच हे प्रथिन नाही.

ही गोष्ट वाचली तेव्हापासून मला तक्त्यातल्या ऋण जुळणीकडे दुर्लक्ष करणं जमत नाही. दोन ओळी एकमेकींच्या बरोबर उलट असतील, तर ती प्रथिनं एकच काम दोन तऱ्हांनी करत असू शकतात. नेहमीच्या वापरातल्या बऱ्याच पद्धती फक्त सारखेपणा मोजतात आणि अशा जोड्या तळाला ढकलतात. म्युच्युअल इन्फर्मेशन या मापाला सारखं आणि उलट दोन्ही दिसतं, पण दोघांतला फरक ते सांगत नाही. तो चिन्ह पाहून वेगळा काढावा लागतो. शिवाय उलट जुळणी फसवी फार. एका कुळाचं कोणतंही खास जनुक आणि दुसऱ्या कुळाचं कोणतंही खास जनुक एकमेकांच्या उलट दिसतातच. सात स्वतंत्र घटना होत्या म्हणून तो पुरावा ठरला. एकच असती तर मी तो मानला नसता.

तिन्ही पुरावे एकत्र करायचे तर स्ट्रिंगसारखा प्रथिनांच्या नात्यांचा तयार साठा आहे, आणि मुंबईतल्या कॉलेजांत बायोइन्फर्मेटिक्स शिकणारी मुलं बहुधा तिथूनच सुरुवात करतात. त्यातला गुण ० ते १ असतो: ०.४ मध्यम, ०.७ चांगला, ०.९ फार पक्का. शेजाराचा गुण ०.४ आणि हजेरीचा ०.५ असेल, तर दोन्ही चुकीचे असण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.५, म्हणजे ०.३, उरलं ०.७. प्रत्यक्ष सूत्रात योगायोगाची थोडी वजावट असते, गाभा हाच. पण हा गुणाकार साक्षीदार स्वतंत्र आहेत असं गृहीत धरतो, आणि ते नेहमी तसे नसतात हे वर आलंच. माझा आग्रह इतकाच, की अनोळखी प्रथिनाकडे बघताना आधी शोधनिबंधांतल्या उल्लेखांचा आणि तयार माहितीसाठ्यांचा पर्याय बंद करावा. ज्याच्याबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही त्याला त्यातून काही मिळत नाही, आणि जिथे मिळतं तिथे आपण आधीच ठाऊक असलेलं पुन्हा शोधतो. आता अल्फाफोल्ड प्रथिनांच्या घड्या आश्चर्यकारक अचूकपणे सांगतं, दोन प्रथिनं एकमेकांना कशी बिलगतील तेही दाखवतं. पण तपासायला जोडी कोणती द्यायची? ८० लाख जोड्या कुणी चालवत बसत नाही. आणि जोडीचं भाकीत करतानाही अनेक जीवांतल्या दोन्ही प्रथिनांच्या माला जीवागणिक जुळवाव्या लागतात. एकाच जीनोममध्ये भावंडं अनेक असली की ती जुळवणी चुकते. फिरून ऑर्थोलॉगपाशीच यावं लागतं.

मुंबईत क्षयाच्या रुग्णांच्या थुंकीतून वाढवलेल्या जंतूंचं अनुक्रमण होतं आणि औषध-प्रतिरोध ओळखायला ते व्हायलाच हवं. या कामाला मात्र ते नमुने उपयोगाचे नाहीत. जगभरातले वाण एकमेकांपासून फार तर एक-दोन हजार अक्षरांनी वेगळे, आणि त्यांच्या ओळींत नवी शून्यं जवळजवळ पडतच नाहीत. इथे दूरचे नातेवाईक हवेत: मातीतले, पाण्यातले मायकोबॅक्टेरिया आणि त्यांच्या आसपासची कुळं. ते गोराई-मनोरीच्या तिवरांखालच्या काळ्या, सल्फरचा उग्र वास मारणाऱ्या चिखलात असतात, ठाण्याच्या खाडीतही. सगळ्या चिखलाचा डीएनए एकदम वाचून संगणकात जीनोम वेगळे काढायची पद्धत स्वस्त आहे, पण त्यातून हाती येणारे बरेच जीनोम ७०-८० टक्केच पूर्ण असतात. एकावर भरवसा ठेवता येतो, शून्यावर नाही. हजेरीच्या तक्त्याला ते चालणार नाहीत. जंतू एकेक करून वाढवावेच लागतील. चिखलाचं पाणी सोडियम हायड्रॉक्साइडनं धुतलं की इतर बरेच जिवाणू मरतात आणि मेणचट कवचाचे मायकोबॅक्टेरिया तगतात. हिरव्या लोवेनस्टाइन-जेन्सेन माध्यमावर लवकर वाढणाऱ्यांच्या वसाहती आठवड्याभरात दिसू लागतात. अडतं ते पुढे. तेच मेणचट कवच फोडायला काचेच्या मण्यांनी घुसळलं तर डीएनएचे तुकडे होतात आणि लांब वाचन जमत नाही. त्यापेक्षा कवच आणि प्रथिनं हळूहळू विरघळवणारी रसायनं बरी: रात्रभर लायसोझाइम, मग प्रोटिनेज-के आणि सीटॅब. उतारा कमी मिळतो, पण धागे लांब राहतात. या जंतूंच्या डीएनएत जी आणि सी अक्षरं ६५ टक्क्यांच्या पुढे असल्यानं पीसीआर करून बनवलेल्या लायब्ररीत, म्हणजे यंत्रात वाचायला तयार केलेल्या तुकड्यांच्या संचात, नेमकी काही ठिकाणं विरळ होतात, म्हणून पीसीआर टाळायचा. ४५ लाखांच्या जीनोमला ५० पट वाचन म्हणजे साडेबावीस कोटी अक्षरं, आजच्या यंत्रांना अगदीच किरकोळ. जोडणी एका सलग वर्तुळात बंद झाली, चेकएमनं ९९च्या वर टक्के दिले आणि डीएनए-एपासून जायर-एपर्यंतची रांग अखंड मिळाली, की तो जीनोम तक्त्यात नवा रकाना म्हणून घ्यायचा आणि त्यातलं एकेक शून्य टीब्लास्टएननं तपासायला बसायचं.